वेताळ झाडावरच बरा

‘फिलर’ हा शब्द माझ्या डोक्यात गेला आहे, म्हणून आजचं हे लिहिणं.

माझा नातू ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ नावाची जपानी मालिका बघतो. (अशा मालिकांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणायचं. कार्टून म्हटलं की त्याला राग येतो.) सुट्टीत तो पेणला आला की मीही शेजारी बसते. खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात, ती मला तेवढ्या वेगानं वाचता येत नाहीत, म्हणून तो बिचारा मध्ये मध्ये चित्र थांबवतो. मालिका मला मनापासून आवडली. भांडण लागलं ते त्याच्याकडच्या यादीवरून. कुठल्याशा उद्योगी माणसानं ती तयार केली आहे. हजाराहून जास्त भागांतले ‘महत्त्वाचे’ कुठले आणि ‘फिलर’ कुठले. महत्त्वाचे तेवढे बघायचे, बाकीचे ओलांडून जायचं. एका बंद खोलीत एक माणूस मेलेला सापडतो, दाराला आतून कडी, मी सरसावून बसते, आणि हा म्हणतो, “आजी, हा फिलर आहे गं. पुढचा लावतो.”

फिलर म्हणजे आपल्या मराठीत खोगीरभरती. म्हणजे खून, संशयित, पुरावा, तर्क आणि उलगडा, हे सगळं ज्यात आहे ती खोगीरभरती. आणि ज्यात काळे कोट घातलेली माणसं गाडीत बसून एकमेकांकडे सूचक नजरेनं बघतात, ती खरी गोष्ट!

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिनइची कुदो हा सतरा वर्षांचा हुशार मुलगा. दोन काळ्या कपड्यांतले गुन्हेगार त्याला विष पाजतात. तो मरत नाही, पण पहिलीतल्या पोराएवढा लहान होतो. ओळख लपवायला तो नाव घेतो एदोगावा कॉनन. यातलं कॉनन हे कॉनन डॉईलचं, आणि एदोगावा हे एदोगावा राम्पो या जपानी रहस्यकथाकाराचं. (त्या राम्पोनं आपलं टोपणनाव एडगर अ‍ॅलन पोच्या नावाच्या जपानी उच्चारावरून घेतलं होतं. मला ही साखळी फार आवडली.) पुढे हा कॉनन एका बावळट डिटेक्टिव्हच्या घरी राहतो, त्याला घड्याळातल्या सुईनं झोपवतो, आणि त्याच्या आवाजात गुन्ह्यांचा उलगडा करतो. काळ्या टोळीचा माग हा लांब धागा. बाकी प्रत्येक प्रकरण सुटं, आपल्यापुरतं पुरं.

गोशो आओयामा ही चित्रकथा १९९४ पासून काढताहेत आणि टीव्हीवरची मालिका १९९६ च्या जानेवारीत सुरू झाली. काटेकोर बोलायचं तर जे भाग मूळ चित्रकथेत नाहीत, टीव्हीवाल्यांनी स्वतः रचले, तेवढेच फिलर. पण पोरांनी तो शब्द असा सैल सोडला आहे की काळा कोट दिसला नाही की फिलर. आता त्या काळ्या कोटांचा हिशेब बघा. टोळीचा म्होरक्या कोण, हे वाचकांना कळायला २०१७ साल उजाडलं. तेवीस वर्षं! एवढ्यात इकडे पहिलीतली पोरं शिकून नोकरीला लागली, लग्नं झाली. कॉनन पहिलीतच.

पेण-रोहा पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. आमच्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर हे रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी संपलं नव्हतं. दर पावसाळ्यापूर्वी नवी तारीख, नवा मंत्री, नवा पाहणीदौरा. त्याला ‘मुख्य कथानक’ म्हणा हवं तर. पण त्या काळात लोक कामावर गेले, मुलं शाळेत गेली, दर भाद्रपदात हमरापूर-जोह्याचे गणपती त्याच खड्ड्यांतून मुंबईला पोचले. ते सगळं काय फिलर होतं?

गणपतींवरून आठवलं. इथल्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे सगळ्यात मानाचं काम. हजारावी मूर्ती असली तरी आखणी त्या मूर्तीपुरती पुरी करावी लागते. ‘उरलेला डोळा पुढच्या वर्षी’ असं सांगून गिऱ्हाइकाला मूर्ती देता येत नाही. कथानक ताणणारे नेमकं तेच करतात.

कुणी म्हणेल, आजीबाईंना जुनं ते सोनं. तर मग खरंच जुनं काढते. आपल्याकडे या वादाचा निकाल अकराव्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त लागून गेला आहे. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. राजाला एका जोग्यानं सांगितलंय, स्मशानातल्या झाडावरचं प्रेत आणून दे. हा लांब धागा. प्रेतात वेताळ. तो वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास की प्रेत पुन्हा झाडावर. आता प्रामाणिकपणे सांगा, त्या जोग्याचं नाव कुणाला आठवतं? क्षांतिशील. पाठीमागे कट रचणारा तोच, म्हणजे आजच्या भाषेत ‘मेन व्हिलन’ तोच, आणि त्याचं नाव हजारात एकाला ठाऊक नसतं. आठवतात ती कोडी. तीन वर एका मुलीला मरणातून उठवतात, मग नवरा कोण? धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं, मग माणूस कोणता?

आणि चौकटीची गाठ सोमदेवानं कशी सोडवली आहे तेही बघण्यासारखं आहे. शेवटच्या गोष्टीत बाप-लेकाला वाटेत दोन स्त्रियांची पावलं उमटलेली दिसतात. ठरतं की मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची मुलाची. पाहतात तर मोठी पावलं लेकीची आणि लहान आईची! बापानं लेकीशी लग्न केलं, मुलानं आईशी. त्यांना मुलं झाली, तर त्यांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यामुळेच वेताळ प्रसन्न होऊन जोग्याचा कट सांगतो. म्हणजे लांब धाग्याची गाठ सुटते ती सुट्या कोड्याच्या जोरावर. कोडी ओलांडून जायची यादी जर त्या राजाकडे असती, तर त्याचं मुंडकं जोग्यानं देवीला वाहिलं असतं.

‘चांदोबा’ मासिकानं तर याच्याही पुढची मजल मारली. तिथला विक्रम दर महिन्याला झाडाकडे जायचा, दर महिन्याला उत्तर द्यायचा, दर महिन्याला वेताळ उडून जायचा. वर्षानुवर्षं. प्रेत मुक्कामाला पोचणार कधी, असं माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला विचारलं नाही. रोह्याला आमच्या शाळेच्या वाचनालयात चांदोबाचे अंक यायचे ते निम्मेशिम्मे. कधी टपालात गहाळ, कधी कुणी घरी नेऊन परत न आणलेले. त्यातल्या क्रमशः कादंबऱ्या मुलं उघडतच नसत, कारण तिसरं प्रकरण आहे आणि चौथं, पाचवं नाही. विक्रम-वेताळाचं पान मात्र मळून काळं झालेलं. तुटक्या संचातून, परगावच्या मुलाला, मध्येच येऊनही जी पुरी मिळते ती गोष्ट. मी बी. ए. ला कथा या प्रकाराच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, त्यांतली एकही मला या मळक्या पानाइतकी उपयोगाला आली नाही.

गंमत म्हणजे कॉनन डॉईलनं हाच हिशेब केला होता. ‘स्ट्रँड’ मासिकात १८९१ च्या जुलैपासून होम्सच्या कथा येऊ लागल्या. त्याआधी होम्सच्या दोन कादंबऱ्या झाल्या होत्या. आत्मचरित्रात तो सांगतो, की क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचकाचा रस जातो. त्यापेक्षा माणूस तोच ठेवावा आणि गोष्ट दर अंकात पुरी करावी, म्हणजे वाचक मासिकाशी बांधलेलाही राहतो आणि फसवलाही जात नाही. (‘फसवला’ हा शब्द माझा.) आज ज्याला आपण डिटेक्टिव्ह मालिका म्हणतो तिचा पायाच हा आहे.

आणि तो प्रोफेसर मोरियार्टी? सगळ्या गुन्ह्यांमागचा कोळी म्हणून ज्याचं नाव घेतात तो? होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा. त्यांत मोरियार्टी मुख्यतः एका कथेत आणि एका कादंबरीत, बाकी नुसता उल्लेख. १८९३ च्या डिसेंबरात डॉईलनं त्याला जन्म दिला तो एवढ्यासाठी की होम्सचा कंटाळा आला होता आणि त्याला कड्यावरून ढकलायला कुणीतरी तोलामोलाचा हवा होता. महाखलनायक आणला तो दुकान बंद करायला! पुढे १९०३ साली होम्सला परत आणावं लागलं, आणि परत आला तो पुन्हा सुट्या प्रकरणांसाठीच. आमच्या काळातल्या बीबीसीच्या ‘शेरलॉक’नं मात्र (२०१० ते २०१७) त्या मोरियार्टीला एवढं डोक्यावर घेतलं, की तो मेल्यावरसुद्धा पडद्यावर आणून प्रेक्षकांना टांगून ठेवलं.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा. झुंजार, काळापहाड, धनंजय. साहित्यिक मंडळींनी नाकं मुरडली, मुरडोत. मी पेणहून रोह्याला लाल एसटीनं कित्येक वर्षं जा-ये केली आहे. मुलांनी बघू नये म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं. जाताना नागोठण्याच्या आसपास खून, येताना वडखळच्या आत खुनी. पर्समध्ये दुसऱ्या दिवशी दुसरं पुस्तक. भाड्यानं आणलेल्या प्रतीत कधीकधी शेवटचं पान कुणी दुष्टानं फाडलेलं असायचं, आणि मग दिवसभर वर्गात लक्ष लागायचं नाही. तेव्हा पान फाडणाऱ्याला लोक शिव्या द्यायचे. आता शेवटचं पान छापतच नाहीत, आणि त्याला ‘उत्कंठा’ म्हणतात.

टीव्हीवाल्यांची अडचण मला कळते. प्रेक्षक उद्या परत यायला हवा. पण उद्या परत आणायचे दोन मार्ग आहेत. आजचं जेवण चांगलं वाढा, किंवा आज अर्धपोटी उठवा. ‘रात्रीस खेळ चाले’ आठवा. २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आकेरीचा तो वाडा, मालवणी बोली, पहिल्या महिन्यात अंगावर काटा यायचा. मग घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं संशयाची सुई, दर शनिवारी कुणीतरी दार उघडून दचकायचं आणि सोमवारी कळायचं की मांजर होतं. ऑक्टोबरात उलगडा झाला तेव्हा आमच्या आळीत त्याची चर्चा एक संध्याकाळसुद्धा टिकली नाही. आठ महिने ताणलेल्या प्रश्नाला पुरेल एवढं मोठं उत्तर कुठल्याच लेखकाकडे नसतं. २०१९ ला दुसरा भाग आला तो मागे जाऊन अण्णा आणि शेवंताची कहाणी सांगायला लागला. आणि खरं सांगू, तो लोकांना जास्त आवडला, कारण त्यात माणसं होती, नुसतं लपवणं नव्हतं. एकच मोठी गोष्ट सांगायला माझी हरकत नाही. शेवट ठरवा, कादंबरी रचा, संपवा. ‘असंभव’ २००७ ला सुरू झाली, २००९ ला संपली, लोक अजून नाव काढतात.

‘सी.आय.डी.’ला हसणारे पुष्कळ. शिवाजी साटमांची बोटं, दयाचे दरवाजे. हसा. पण १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं आणि पंधराशेच्या वर भाग ही मालिका चालली ती खुनी पकडून दाखवायच्या जोरावर. आमच्या शेजारच्या काकू दिवसभराच्या कामानंतर बसायच्या, खुनी सापडला की उठून भांडी घासायला जायच्या. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी लांब धाग्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्नना बाँबस्फोटात मारलं. लोक खवळले. मग पुढे त्यांना परत आणलं. १८९३ आणि १९०३ चीच पुनरावृत्ती, फक्त घाई जास्त.

आता नातवाचा सगळ्यात वजनदार मुद्दा, तो टाळणार नाही. तो म्हणतो, “आजी, सुट्या गोष्टींत कुणाला काही फरकच पडत नाही. आज खून बघितला, उद्या हसतखेळत. आठवण नाही, परिणाम नाही. मुख्य गोष्टीत माणूस बदलतो.”

मुद्दा चांगला आहे. पण उत्तर त्यानं स्वतः न बघितलेल्या ब्योमकेश बक्षीमध्ये आहे. दूरदर्शनवर बासू चटर्जींनी १९९३ साली ती मालिका केली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. प्रत्येक प्रकरण आपल्यापुरतं पुरं. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी या कथा १९३२ पासून लिहिल्या. त्यांत ब्योमकेशला सत्यवती भेटते ती एका खुनाच्या तपासातच. लग्न होतं, मूल होतं, माणसं पिकत जातात, देश स्वतंत्र होतो. कुठेही काळी टोळी नाही, कुठेही ‘पुढील भागात’ नाही. माणूस बदलायला कट लागत नाही. आपण काय कटामुळे म्हातारे होतो?

आणि दुसरं उत्तर त्याच्याच मालिकेत. १९९६ च्या एप्रिलमध्ये ‘मूनलाइट सोनाटा’चं प्रकरण दाखवलं गेलं. एक बेट, बारा वर्षांपूर्वी आगीत गेलेला पियानोवादक, प्रत्येक खुनाच्या वेळी वाजणारी तीच धून. कॉनन उलगडा करतो, पण गुन्हेगार जळत्या घरात राहतो आणि या पोराला त्याला बाहेर काढता येत नाही. (कोण ते सांगत नाही. बघा.) काळ्या टोळीचा यात काडीचा संबंध नाही. पण कॉनन ते विसरत नाही. पुढे एका प्रकरणात तो म्हणून जातो, की तर्कानं कोंडीत पकडून गुन्हेगाराला मरू देणारा डिटेक्टिव्ह आणि खुनी यांत फरक नाही. त्याच्या स्वभावावरचा सगळ्यात खोल ओरखडा या सुट्या गोष्टीनं उठवला आहे. आणि २०२१ च्या मार्चमध्ये मालिकेचा हजारावा भाग आला, तेव्हा सोहळा म्हणून काय दाखवलं त्यांनी? टोळीचा गौप्यस्फोट? नाही. हेच सोनाटाचं प्रकरण नव्यानं चितारून. स्वयंपाक करणाऱ्याला स्वतःचा कुठला पदार्थ उतरला होता हे बरोबर कळतं.

राहिला एक आक्षेप, तो मात्र नातवाचा नाही, माझ्याच बरोबरीच्या एका निवृत्त शिक्षकांचा. ते म्हणाले, “बाई, खऱ्या जगात गुन्हे सुटे नसतात, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. लांब धागाच खरा.” असेल. पेणकरांना ते कुणी शिकवायला नको. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, आणि मग चौकशी, कोर्ट, मोर्चे, तारीख, पुन्हा तारीख. पेन्शनीची ठेव तिथे ठेवून उलगडा न बघताच गेलेली माणसं या गावात घरोघर सापडतील. त्यांचं आयुष्य लांब धाग्यावर टांगलेलं होतंच. अशा माणसानं रात्री पुस्तक उघडावं आणि त्यातल्या लेखकानंही त्याला पुढची तारीख द्यावी? पहिल्या पानावर ज्यानं प्रश्न घातला त्यानंच उत्तर द्यायचं, एवढा एकच करार या जातीच्या गोष्टीत असतो. तो मोडून ‘वास्तव’ म्हणून मिरवू नये.

वयाचाही मुद्दा आहेच, तो सांगायला लाज कसली. सत्तरी ओलांडलेल्या वाचकाला ‘क्रमशः’ हा शब्द वेगळा दिसतो. आणि लेखकालाही दिसायला हवा. डिकन्स १८७० साली गेला तेव्हा ‘एडविन ड्रूड’चं रहस्य निम्म्यावर होतं. दीडशे वर्षं लोक त्याला आपापले शेवट जोडताहेत, आणि ड्रूडचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९७० ला, शरदिंदूबाबू गेले. त्यांचीही ‘विशुपाल वध’ ही गोष्ट अपुरी राहिली. पण ती एकच. ब्योमकेशच्या बाकी तीसहून अधिक गोष्टी पुऱ्या आहेत, कुठूनही उघडा.

आओयामा साठीच्या पुढे आहेत, चित्रकथेचे शंभराहून जास्त खंड झालेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो. मी सध्या सत्यजित राय यांचा फेलूदा वाचते आहे, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला. मोठा टाइप, पातळ पुस्तकं. काल एक संपवलं, आज दुपारी दुसरं काढलं आहे.